नॅनोकण कशावर बसवलेत तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गाडीच्या धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची बातमी कुठेही आली की सगळा भर आतल्या प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमच्या किमतीवर. ते महाग आहेतच, पण ज्या पावडरीवर, म्हणजे आधारावर, हे धातू बसवलेले असतात तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, आणि मला हे खरंच खटकतं, कारण धातू काम करणार की नाही हे बऱ्याच अंशी तीच ठरवते.

कन्व्हर्टर कापला तर आत बारीक भोकांची सिरॅमिकची वीट निघते. भोकांच्या आतल्या भिंतींना ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियम ऑक्साइडचा) थर असतो, जोडीला सिरिया-झिर्कोनिया (सिरियम आणि झिर्कोनियम या धातूंची ऑक्साइडं), आणि त्यावर काही नॅनोमीटरचे, म्हणजे मिलिमीटरच्या काही दशलक्षांश भागाएवढे धातूचे कण. त्या ॲल्युमिनाच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग 100 चौरस मीटरच्या वर भरतो, म्हणजे टू बीएचके फ्लॅटहून जास्त, म्हणून तर कण एकमेकांपासून लांब राहू शकतात. पण तापमान 800-900 अंशांवर गेलं की कण सरकतात, एकमेकांना चिकटतात, बारक्या कणांतले अणू सुटून मोठ्यांत जातात, आणि कण मोठा झाला की बहुतेक अणू आत कोंडले जातात, धुरातला वायू त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. प्लॅटिनम ग्रॅमभरही कमी झालेलं नसतं, काम मात्र घसरतं. इथे सिरिया उपयोगी पडतं, ते ऑक्सिजनच्या बंधाने प्लॅटिनमला जागेवर धरून ठेवतं, वर ऑक्सिजन साठवतं आणि कमी पडला की सोडतं.

सोन्याचं उदाहरण तर त्याहून भारी. सोनं कशाशीच रिॲक्ट होत नाही असं सगळे धरून चालले होते, पण जपानच्या मासाताके हारुता यांनी 1987 मध्ये दाखवलं की आयर्न ऑक्साइडसारख्या आधारावर अगदी बारीक कण बसवले तर तेच सोनं शून्याखाली 70 अंशांनाही कार्बन मोनॉक्साइडचं ऑक्सिडेशन करतं. सिलिकावर (वाळूतल्या सिलिकॉन ऑक्साइडवर) बसवलेलं सोनं त्यामानाने फारच निष्क्रिय.

आणि आधार बिघडवूही शकतो बरं का. 1978 साली एक्सॉन या अमेरिकी तेल कंपनीत टॉस्टर आणि सहकाऱ्यांनी टिटॅनियावरचे (टायटॅनियम ऑक्साइडवरचे) प्लॅटिनम गटातले धातू हायड्रोजनमध्ये 500 अंशांना तापवले तर धातूने हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड आपल्या पृष्ठभागावर धरणंच जवळपास बंद केलं. कण मोठे झालेले नव्हते. टिटॅनियाच अर्धवट ऑक्सिजन गमावून कणांवर चढून बसलं होतं, हे नंतर कळलं.

म्हणून विनंती एवढीच, नॅनो कॅटॅलिस्टची (असे बारीक कण वापरणाऱ्या उत्प्रेरकाची) बातमी छापताना धातू कोणता याच्याबरोबर आधार कोणता आणि कोणत्या तापमानाला तपासलं हेही विचारून छापा. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उत्प्रेरकांवर कितीतरी वर्षं काम चालू आहे, तिथल्या संशोधकांकडून पुरवणीसाठी यावर सोप्या मराठीत एखादा लेख मागवता आला तर फारच बरं होईल.

आपला,
एक नियमित वाचक