बाबांचे रिपोर्ट आणि आईची शंका

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर आई म्हणाली, "यांचं मन कशातच लागत नाही." त्यावर बाबा म्हणाले, "रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, मग बिनसलंय कुठे?"

बाबा, तुम्हाला पुरावा लागतो, म्हणून आधी तोच देते. अंतोनियो दमासिओ या मेंदूतज्ज्ञांकडे एक रुग्ण होता. गाठ काढताना त्याच्या मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली होती. बुद्धीच्या चाचण्यांत तो चांगले गुण मिळवायचा, पण भावना आटल्या होत्या. साधे निर्णयही त्याला नीट घेता येईनात, नोकरी गेली. तर्क शाबूत असूनही कशाला किती महत्त्व द्यायचं, हे आतून कळेनासं झालं की माणूस असा अडतो. तेव्हा रिपोर्टवर विसंबून मनाला निरोगी ठरवू नका.

आई, तुझ्या शंकेला मी फार वजन देते. अंतर्ज्ञानावर शंका घेणारे डॅनियल काहनमन आणि त्यावर विश्वास ठेवणारे गॅरी क्लाइन या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2009 मध्ये मिळून लिहिलं, की परिस्थितीत काही नियमितपणा असेल आणि माणसाला दीर्घ सराव असेल, तर आतला कौल भरवशाचा ठरतो. बाबांच्या बाबतीत तुझ्याएवढा सराव कुणाला आहे? पण "वय झालं की असंच व्हायचं" हे मात्र मला मान्य नाही. उतारवयातलं नैराश्य पुष्कळदा रडण्यातून दिसतच नाही. झोप उडते, थकवा येतो, आवडत्या गोष्टी नकोशा होतात. त्यावर उपचार आहेत.

आणि बाबा, "आता माझा उपयोग काय?" असं तुम्ही हळूच विचारलंत, ते माझ्या मनातून जात नाही. कठोपनिषदात शरीर हा रथ, बुद्धी सारथी आणि मन लगाम आहे. पण रथात बसलेला आत्मा त्याहून वेगळा. तुमचा प्रश्न त्या बसलेल्याचा आहे. देव मानत नसलात तरी तो प्रश्न तुमचाच आहे. गोळीने झोप परत येईल. याचं उत्तर मात्र आपल्याला बोलून, वेळ देऊन शोधावं लागेल. आई, नामस्मरणाने तुला बळ मिळतं हे मी पाहिलंय, पण औषधाऐवजी ते त्यांच्यावर लादू नकोस.

या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. तुला काय काय बदललेलं दिसतं ते आई, तूच डॉक्टरांना सांग. बाबा बहुतेक "ठीक आहे" म्हणून मोकळे होतील. त्या दिवशी मी येते.

तुमची लेक