छोटीने मोठ्याने वाचून दाखवावे

मँचेस्टर,
१५ जून २०२५

ती. अण्णा आणि ती. आई यांस,
बाळूचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी इथे बरा आहे. जेवण वेळेवर होतं, खोकला गेला, आईने पाटलाबरोबर पाठवलेलं मेतकूट आणि काळा मसाला मिळाला. फोनवर बोलायला गेलं की आईचा आवाज जड होतो आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून हे पत्र. छोटीने ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवावं. अण्णांनी वाचायला घेऊ नये. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दहाच दिवस झालेत, डोळ्यात थेंब घालणं चुकवू नका.

काकूंनी तुम्हाला माझा बोटीवरचा फोटो दाखवला, हे मला कळलं. अक्षय तृतीयेला साखरपुडा होता तेव्हा मी रजा नाही म्हणालो, आणि महिन्याच्या आत बोट चालवताना दिसलो. आई फोनवर नुसतं ‘बरं बरं’ म्हणाली. त्या ‘बरं बरं’ने मला चार रात्री झोप नाही. रजेचं काय झालं ते खाली लिहितो, एक अक्षर लपवणार नाही. पण आधी बोटीचं, कारण आईने त्या फोटोची धास्ती घेतलीय.

आई, ही समुद्रातली बोट नव्हे. कालवा आहे, आणि बहुतेक ठिकाणी पाणी कंबरेच्या वर नाही. लाइफ जॅकेट सगळ्यांना दिली होती, लॉकपाशी, म्हणजे बोट वर-खाली करणाऱ्या हौदापाशी, आम्ही ती घालतच होतो. फोटो काढला तेव्हा माझ्या अंगात नव्हतं, हे खरं. पुढच्या वेळी असेल. बोट भाड्याने घ्यायला लायसन्स लागत नाही, पण त्यांचा माणूस तासभर बरोबर राहून सगळं शिकवतो आणि मगच हातात देतो. वेगाची मर्यादा ताशी चार मैल, म्हणजे साडेसहा किलोमीटर. आता काही दिवसांत पालखी बारामतीत येईल, त्यातला धडधाकट वारकरी आम्हाला मागे टाकून गेला असता. आम्ही चौघं होतो: पाटील, पाटीलवहिनी, लीड्सला शिकणारा वहिनींचा भाऊ आणि मी. बोट एसटीपेक्षा लांब आणि एसटीपेक्षा अरुंद. आत गॅस, बिछाने, संडास, सगळं. वहिनींनी रोज दोन वेळा गरम जेवायला घातलं, पिठलंसुद्धा केलं.

आता अण्णांसाठी लिहितो. तुमची नोकरी कालव्यावरची, त्यामुळे सगळा आठवडा मला तुमचीच आठवण येत होती. कालव्याचं नाव लँगॉलन. इंग्लंडमधल्या चेशायर परगण्यातून निघून वेल्सच्या डोंगरात जातो, ४६ मैलांचा, त्यावर २१ लॉक. आम्ही रेनबरी गावाहून बोट घेतली, म्हणजे सगळे लॉक आम्हाला लागले नाहीत.

लॉक म्हणजे दगडी हौद, दोन्ही टोकांना दारं. वर जायचं असेल तर बोट रिकाम्या हौदात घ्यायची, मागचं दार लावायचं आणि वरच्या बाजूच्या झडपा उचलायच्या. पाणी आत येतं, बोट त्याच्याबरोबर वर येते, पातळी एक झाली की दार ढकलायचं. पंप नाही, वीज नाही. पातळीत चार बोटांचा फरक असेल तोवर दोन गडी रेटले तरी दार जागचं हलत नाही, आणि फरक मिटला की एकट्या वहिनी तुळईला पाठ लावून ते उघडायच्या. झडप उचलायला विंडलास नावाचं लोखंडी हँडल असतं. ते फिरवताना दात्यावर खटका पडत जातो, खट, खट, खट. लहानपणी तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून कालव्याच्या फाट्याच्या गेटवर न्यायचात, तिथे चाक फिरवताना असाच आवाज यायचा. ग्रीसचा वास तोच, दाराच्या फटीतून गळणाऱ्या पाण्याचा गारवा तोच. मी हँडल तसंच धरून उभा राहिलो, पाटलाला वाटलं अडकलं.

इथली एक रीत मात्र मला आधी अजिबात कळली नाही. ती नीट सांगतो, कारण तुम्हालाच ती पटेल. रविवारी सकाळी आम्ही विलीमूर नावाच्या लॉकला खालून पोचलो. लॉक पाण्याने भरलेलं. आम्हाला आत शिरायचं म्हणजे ते आधी रिकामं करायला हवं. मी विंडलास लावणार तेवढ्यात काठावर कुत्रं घेऊन उभ्या असलेल्या एक वयस्क बाई म्हणाल्या, थांबा, वरून बोट येतेय. मी पाहिलं तर वळणापर्यंत काही नाही. त्या म्हणाल्या, येतेय, मी मागे पाहून आलेय. आम्ही थांबलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंधरा झाली. लॉकवर ना चौकीदार, ना पाटी, ना कोणी दंड करणारा. त्या बाईंची स्वतःची बोटही नव्हती, त्या नुसत्या फिरायला आलेल्या. मला राग आला. आम्ही आधी पोचलो, आमचा नंबर आधी, असं माझ्या डोक्यात.

मग मी हिशोब मांडला. मी लॉक रिकामं केलं असतं तर एवढं हौदभर पाणी कुणालाच न घेता खाली गेलं असतं. एका हौदात लाख लिटरच्या वर पाणी असतं. मग मी वर जाणार, आणि वरची बोट खाली येताना पुन्हा हौदभर पाणी सोडणार. थांबलो तर ती बोट भरलेल्या लॉकमध्ये शिरून त्याच पाण्याबरोबर खाली येते, लॉक आपोआप माझ्यासाठी रिकामं होतं. एका पाण्यात दोन बोटी. इथला यंदाचा वसंत शंभर वर्षांत झाला नव्हता इतका कोरडा गेला, म्हणून लोक जास्तच जपत होते. पण रीत जुनीच आहे. लॉक ज्याच्या पातळीला असेल त्याची पाळी, आधी आलेल्याची नव्हे. शेवटी ती बोट आली, तिच्यावरच्या आजोबांनी टोपी काढून आभार मानले, आणि त्या बाईंनी मग आमच्यासाठी दार ढकललं. पाळी मोडणाऱ्याला तुम्ही काय म्हणायचात ते मला आठवलं. टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा, शेतकरी तुमच्यासाठी रात्री दोनला चारीवर उभा असायचा आणि तुम्ही ताटावरून उठून जायचात, तेव्हा आम्हाला त्याचा राग यायचा. तो राग चुकीचा होता, अण्णा.

त्याच दिवशी ग्रिंडली ब्रुकला सहा लॉक चढलो. त्यातले तीन एकाला एक चिकटलेले आहेत, एकाचं वरचं दार तेच दुसऱ्याचं खालचं. तिथे मात्र माणसं नेमलेली असतात, ते सांगतील तसं करायचं. परतीला उतरताना खरी काळजी घ्यावी लागते. वरच्या दाराच्या आत पाण्याखाली दगडी उंबरठा असतो. बोटीची मागची बाजू त्यावर राहिली आणि पाणी खाली गेलं, तर बोट तिरकी लटकते. भिंतीवर पांढरी रेघ असते, तिच्या पुढेच राहायचं. उतरताना मी दर वेळी त्या रेघेवरून डोळे हलवले नाहीत. आई, आता तू विचारणारच, म्हणून सांगतो, डाव्या अंगठ्याला हँडल लागलं होतं, नख काळं पडलंय, दुखत नाही.

संध्याकाळी व्हिटचर्चच्या पुढे बोट बांधली आणि फोनला रेंज आली. छोटीचा मेसेज होता की पावसाने लिमटेकजवळ निरा डावा कालवा फुटला, पाणी पालखी महामार्गावर आलंय, आणि अण्णा छत्री घेऊन बघायला गेलेत. मी लगेच फोन लावला. आई म्हणाली, घरात पाणी नाही, तू काळजी करू नकोस, तू मजा कर. आई, ते तू मनापासून म्हणालीस, मला माहीत आहे. पण माझ्या पायाखाली कालवा, समोर गवताची पायवाट, पाणी इतकं शांत की बदकाची पिल्लं दिसत होती, आणि अण्णा, तुम्ही रिटायर झालेले, दिसत नसलेल्या डोळ्याने फुटलेल्या भरावावर उभे. वहिनींनी पान वाढलं, मला जेवण गेलं नाही. पाटलाने काही विचारलं नाही, तो चहा घेऊन शेजारी येऊन बसला.

मंगळवारी चर्कच्या जलसेतूवरून वेल्समध्ये शिरलो, लगेच एक बोगदा, आणि दुपारी पॉन्टकसिल्टीचा जलसेतू. काकूंचा फोटो तिथलाच. अण्णा, हे बांधकाम तुम्हाला एकदा दाखवायचंय. विल्यम जेसप आणि थॉमस टेलफर्ड या इंजिनिअरांनी बांधलं, १८०५ साली पाणी सोडलं. डी नदीच्या खोऱ्यावर दगडी खांब, त्यावर ओतीव लोखंडाचा हौद, ३०७ मीटर लांब, नदीपासून ३८ मीटर उंच. दोनशे वीस वर्षं झाली, अजून त्यातून रोज बोटी जातात. २००९ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं. एका बाजूला पायवाट आणि कठडा आहे. दुसऱ्या बाजूला कठडा नाही, म्हणून फोटोत मी हवेत उभा असल्यासारखा दिसतो. आई, नीट ऐक. लोखंडी हौदाचा काठ पाण्याच्या वर आहे, आणि बोट त्यात अशी बसते की जरा हलली तर काठाला घासते, बाहेर जाऊच शकत नाही. मी सुकाणूचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता. खाली नदीत दगड दिसत होते, झाडांचे शेंडे पायाखाली होते. पाटलाने हाक मारली तेव्हा मी फोटोपुरतं वर पाहिलं.

लँगॉलन गावाला बोट बांधून आम्ही पुढे दोन मैल चालत गेलो, तिथे इंजिनाच्या बोटी नेऊ देत नाहीत. कालव्याचं हेड, म्हणजे नदीचं पाणी आत घेण्याची जागा, तिथे आहे. टेलफर्डनेच बांधलेला अर्धगोल बंधारा, पाणी त्यावरून पातळ पडद्यासारखं उतरतं आणि बाजूने कालव्यात वळतं. १९४४ साली कायदा करून हा कालवा बोटींसाठी बंद केला होता. तरी बुजवला नाही, कारण त्यातून प्यायचं पाणी खाली जात होतं, अजूनही जातं. आमच्या बोटीला जाताना उलटा प्रवाह लागला तो त्याचाच. बोटीसाठी खोदलेला कालवा पाण्यामुळे वाचला. मी तिथे बराच वेळ बसलो. तुम्ही असतात तर आधी गेटचं ग्रीस बघितलं असतंत.

आता रजेचं. रजा मिळत होती. मार्चमध्ये माझ्या व्हिसाची मुदत वाढवायला अर्ज टाकला होता. अर्ज अडकलेला असताना देश सोडला तर तो मागे घेतल्यासारखा धरतात. मी साखरपुड्याला आलो असतो तर परत येणं अवघड झालं असतं. हे मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण व्हिसा अडकला म्हटलं की आईने उपास धरले असते आणि अण्णांनी माझ्या पैशांचा विचार न करता छोटीच्या लग्नाचा खर्च स्वतःवर घेतला असता. पाटलांनी बोट जानेवारीतच ठरवली होती, बँक हॉलिडेला जोडून मी चार दिवस रजा घेतली. माझ्या वाट्याला साडेतीनशे पौंड आले, चाळीस हजारांच्या आसपास. ते लग्नाच्या पैशांतले नाहीत, माझ्या महिन्याच्या खर्चातले आहेत. तरीसुद्धा मी खोटं बोललो. त्या दिवशी व्हिडिओवर छोटी अंगठी दाखवत होती आणि मी ऑफिसात मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला. मीटिंग नव्हती. मला बघवलं नाही.

व्हिसा गेल्या गुरुवारी आला, तीन वर्षांचा. मार्गशीर्षातल्या मुहूर्तासाठी तीन आठवड्यांची रजा मंजूर झालीय, तिकीटही काढलं, लग्नाआधी नऊ दिवस पोचतो. हॉलचे दोन लाख सोमवारी पाठवतो, दिवाळीच्या आत अजून तीन. अण्णा, पतसंस्थेचं कर्ज काढू नका, अर्ज दिला असेल तर मागे घ्या. आई, तुझ्या पाटल्या मोडायच्या नाहीत, मी सोनाराशी फोनवर बोललोय. इंदापूरच्या स्थळाची पत्रिका जुळतेय म्हणालात, तर आल्यावर भेटतो, नाही म्हणत नाही. फक्त त्या मुलीला आधीच सांगा की अजून तीन वर्षं मी इथेच आहे. लग्न ठरल्यावर पाहुण्यांना हे कळू नये.

छोटे, हे तूच वाचत असशील. साखरपुड्याला मी नव्हतो, ते भरून निघणार नाही, मी तसं म्हणतही नाही. लाजाहोमात तुझ्या ओंजळीत लाह्या घालायला चुलत भावाला सांगून ठेवलंय, असं आई बोलता बोलता म्हणाली होती. त्याला आता नको म्हणून सांगा. मी आहे.

तुमचा,
बाळू