चार चित्रांची फ्लॉपी

नायगाव, मुंबई

चि. चिमणी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटच्या कागदांवर अखेर सगळ्यांच्या सह्या झाल्या. पुढच्या महिन्यात घर रिकामं करून द्यायचंय, म्हणून माळा उतरवायला घेतलाय. शनिवारी तू मदतीला येणार आहेस. त्याआधी हे पत्र तुला मिळायला हवं, कारण माळ्यावरच्या एका खोक्यात जुन्या मदरबोर्डची पुस्तिका आहे आणि त्या पुस्तिकेत वर्तमानपत्राचं एक कात्रण आहे. ते तुझ्या हाती लागण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. दोनदा फोन लावला गं, पण दोन्ही वेळा पॅकर्सवाला किती मागतोय यावरच बोलून ठेवला.

आपला पहिला कॉम्प्युटर आठवतो ना? १९९७चा दसरा. पेन्टियम १६६, एमएमएक्स, १६ एमबी रॅम, २.१ जीबीची हार्ड डिस्क. लॅमिंग्टन रोडवरून असेम्बल करून घेतलेला, ४२,००० रुपयांना. पीएफमधून उचल घेतली होती. ग्रँट रोडवरून टॅक्सीने आणला. मॉनिटर मागच्या सीटवर तुझ्या आईच्या मांडीवर, आणि सातरस्त्यापासून हिंदमातापर्यंत प्रत्येक खड्ड्याला ती ड्रायव्हरला ओरडत होती. घरी आजीने सीपीयूला हळदकुंकू वाहिलं, वर आपट्याची पानं ठेवली. कुंकवाचा एक ठिपका शेवटपर्यंत त्या फ्लॉपी ड्राइव्हशेजारी होता.

चाळीत सगळ्यांना सांगितलं, पोरीच्या अभ्यासासाठी घेतला. अभ्यास कसला! तू दुसरीत होतीस. मलाच हवा होता. ऐंशीच्या दशकात बँकेत कॉम्प्युटर येणार म्हणून काळ्या फिती लावून घोषणा देणाऱ्यांत मीही होतो. मग बँकांत कॉम्प्युटर आणा असं सुचवणाऱ्या रंगराजन समितीनंतर शाखांतून लेजर पोस्टिंग मशीनं, म्हणजे खातेवहीच्या नोंदी करणारी यंत्रं आली, आमच्याकडेही एक आलं, आणि त्यावर बसायला कुणी तयार होईना तेव्हा साहेबांनी मला बसवलं. दिवसभराची बेरीज पहिल्या फटक्यात जुळली, त्या दिवशी आमची युनियनगिरी संपली. हे तुझ्या काकांना सांगू नकोस, ते अजून टोमणे मारतात.

तर आता मुद्द्याचं.

तेव्हाचा कॅबिनेट असा होता की शटडाऊन दिलं तरी तो स्वतःहून बंद व्हायचा नाही. काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं यायची, की आता बंद करायला हरकत नाही, आणि मग पुढचं बटण दाबायचं. ही नारिंगी अक्षरं म्हणजे आपल्या घरातला कायदा होता. अक्षरं यायच्या आत बटण दाबलं तर पुढच्या वेळी तो निळा पडदा स्कॅनडिस्क, म्हणजे डिस्कची तपासणी, करत बसायचा आणि मी तुझ्यावर ओरडायचो.

२६ एप्रिल १९९९, सोमवार. तुझी सुट्टी लागली होती. दुपारी तू गेम लावलास, तो मध्येच अडकला. कंट्रोल-ऑल्ट-डिलीटने काही होईना, म्हणून तू बटण दाबून बंद केलास. परत चालू केलास तर पंखा फिरतोय, दिवा लागतोय, पडदा मात्र काळा. बीपसुद्धा नाही. मी संध्याकाळी आलो तेव्हा तू खुर्चीत नव्हतीस, मोरीच्या दाराशी उभी होतीस.

"शटडाऊन केलं होतंस?"

"नाही, पण बाबा…"

त्या 'पण'नंतरचं मी ऐकलंच नाही. काय काय बोललो ते तुला आठवत असेल, नसेल तर फारच उत्तम. पूर्ण मे महिना कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, अशी शिक्षा दिली. बंद पडलेल्या कॉम्प्युटरला हात न लावण्याची शिक्षा! आईने हे तेव्हाच दाखवून दिलं होतं, तर मी तिच्यावरही चिडलो.

दोनच दिवसांनी बँकेत डबा खाताना पेपरात बातमी वाचली. तेच हे कात्रण. चेर्नोबिल नावाचा व्हायरस. खरं नाव सीआयएच, तैवानच्या एका विद्यार्थ्याने लिहिलेला. चेर्नोबिलच्या स्फोटाची तारीख २६ एप्रिल, म्हणून लोकांनी हे नाव दिलं. जेमतेम एक केबीचा. प्रोग्रॅमच्या फाइलीत जिथे जिथे रिकामी जागा असेल तिथे तुकड्यातुकड्यांनी जाऊन बसायचा, त्यामुळे फाइलचा आकार वाढायचा नाही नि संशयही यायचा नाही. २६ एप्रिल उजाडला की डिस्कचा सुरुवातीचा एक एमबी पुसून टाकायचा आणि मदरबोर्डवरच्या बायॉसच्या, म्हणजे मशीन सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, चिपवर कचरा लिहायचा. बायॉस गेलं की मशीनला आपण मशीन आहोत हेच आठवत नाही. बटणाचा काही संबंध नव्हता.

आणि तो घरात आला कसा? अप्सरा टॉकीजच्या बाजूला फुटपाथवर शंभर रुपयांना मिळणारी सीडी मी आणली होती. सगळी सॉफ्टवेअरं एकात. व्हायरस पकडणारं पुण्याचं क्विक हील तेव्हा बाजारात होतं, पण व्हायरस लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये येतात, आपल्या कशाला येतील, असं माझं मत.

शनिवारी कॅबिनेट खांद्यावर घेऊन परत लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानाबाहेर दवाखान्यासारखी रांग, प्रत्येकाच्या मांडीवर एकेक डबा. त्या पोराने स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने चिप अलगद उचकटली, एका यंत्रात घालून पुन्हा लिहून आणली, दाबून बसवली. बीप आला. मग त्याने मान वर न करता विचारलं, "डेटा काही महत्त्वाचा आहे का? की फॉरमॅट मारू?"

मी म्हटलं, "मार."

सोसायटीचा हिशेब फ्लॉपीवर होता ना, सुरक्षित. तुझी चित्रं नव्हती. पेन्टमधली एक चित्राची फाइल तीनशे केबीची, १.४४ एमबीच्या फ्लॉपीत चारच मावायची. तू फ्लॉपी मागायचीस आणि मी म्हणायचो, फ्लॉप्या काय झाडाला लागतात? त्यातलं एक मला अजून दिसतं. लालबागचं विसर्जन. गणपती तसा बटाट्यासारखाच होता, पण गुलाल! स्प्रेचं टूल घेऊन एकेक टिचकी मारत तू तो उडवला होतास, वर विरळ, खाली दाट, आणि ढोलवाल्याच्या टकलावर मुद्दाम तीन ठिपके. एक अख्खा रविवार त्यात गेला. आजीला बोलावून दाखवलंस, तर तिने पडद्यालाच नमस्कार केला.

घरी येऊन मी काय म्हटलं? "तुझ्या बटणामुळे पंधराशे रुपये गेले." कात्रण तेव्हा खिशात होतं.

नंतर कितीतरी वर्षं तू मला विचारून कॉम्प्युटर बंद करायचीस. "बाबा, करू?" अगदी दहावीपर्यंत. मला ते शिस्तीचं वाटायचं, चारचौघांत कौतुकही केलं. परवा गणपतीत तू लॅपटॉप मिटताना माझ्याकडे बघितलंस असं वाटलं. कदाचित घड्याळ बघत असशील, ते माझ्या डोक्यावरच आहे.

चूक माझी होती, चिमणे. सीडी माझी, फ्लॉपीचा चिंगूसपणा माझा, आणि ते 'मार' पण माझंच.

मॉनिटर भंगारवाल्याला दिला. फ्लॉप्यांना पावसाळ्यांनी बुरशी धरली आहे, त्या टाकतोय. पुस्तिका आणि कात्रण खोक्यात वरच ठेवलंय, हवं तर घेऊन जा.

येताना पॅकिंगची टेप घेऊन ये, रुंदवाली. आणि चिडायचं असेल तर गच्चीत जाऊन चिडू. आईला यातलं अजून काही माहीत नाही.

तुझा,
बाबा