अर्धा कप कॉफी आणि पाच सेकंद

कॅप्टन, को-पायलट आणि केबिनमधले तुम्ही सगळे,

स.न.वि.वि.

परवाच्या विमानात मी १८ सीवर, म्हणजे आइललगत बसलो होतो. कॉफीचा पहिला घोट घेतला आणि सीट खालून वर रेटल्यासारखी झाली. अंग एकदम जड. शेजारचे म्हणाले, "एअर पॉकेट." मीही मान डोलावली, आपल्याला काय कळतंय!

पण ट्रॉलीपाशी उभ्या असलेल्या ताई, तुम्हाला कळलं असावं. तुम्ही आधी पायाने ट्रॉलीचा लाल ब्रेक दाबला, मग कॉफीचा जग खाली ठेवून दोन्ही पावलांमध्ये धरला आणि डाव्या हाताने पलीकडच्या मुलाला सीटवर दाबून बसवलं. चेहऱ्यावरचं हसू तेवढं तसंच होतं. अर्ध्या-पाऊण मिनिटात सगळं शांत झालं. माझा शर्ट वगळता.

मग कॅप्टनचा आवाज आला. जवळ दुसरं विमान आलं होतं, यंत्रणेने आपल्याला वर जायला सांगितलं, आपण गेलो, ते खाली गेलं, आता धोका नाही. बस्स, एवढंच. "तांत्रिक कारणामुळे" वगैरे काही नाही. खरं सांगितल्यावर लोक घाबरतील असं अनेकांना वाटतं. माझ्या रांगेत तर लोक उलट सैलावून बसले.

घरी आल्यावर मी त्या यंत्रणेबद्दल, म्हणजे विमानांची टक्कर टाळणाऱ्या 'टीकॅस'बद्दल, वाचत बसलो. दोन विमानांचे ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रेडिओवरून आपली माहिती कळवणारे संच, आपसात बोलून ठरवतात, वर कुणी जायचं आणि खाली कुणी. कॉकपिटमध्ये आधी "ट्रॅफिक, ट्रॅफिक" असा इशारा आणि मग थेट हुकूम: "क्लाइंब, क्लाइंब". त्यावर पाच सेकंदांत हालचाल सुरू व्हावी लागते, आणि हुकूम मध्येच उलटला तर अडीच सेकंदांत. पाच सेकंदांत मला चष्मासुद्धा सापडत नाही.

अवघड भाग मात्र वेगळाच आहे. जमिनीवरचा कंट्रोलर त्याच वेळी उलटं सांगत असला तरी ऐकायचं यंत्राचं. ज्या आवाजावर रोज विसंबायचं, तोच त्या क्षणी बाजूला ठेवायचा. १ जुलै २००२ ला जर्मनीत युबरलिंगेनच्या आकाशात एका विमानाला टीकॅस "वर" सांगत होतं आणि कंट्रोलर "खाली". ते खाली गेलं. दुसरंही आपल्या टीकॅसच्या सांगण्यानुसार खालीच येत होतं. ७१ माणसं गेली. त्याआधी, १९९६ मध्ये हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन विमानं धडकून ३४९ जण गेले, तेव्हा कुठे आपल्याकडे ही यंत्रणा सक्तीची झाली. तुमच्या हाताला जी सवय आहे, तिची किंमत अशी कुणीतरी आधीच मोजलेली आहे. ती सवय सिम्युलेटरमध्ये पुन्हा पुन्हा घोटून घेतल्याबद्दल तुमचे आभार.

त्या दुसऱ्या विमानातल्या मंडळींचेही. आम्ही वर निघालो तेव्हा तुम्ही मुकाट खाली गेलात. तुमच्याकडेही कुणाच्या तरी मांडीवर कॉफी सांडली असणार. त्यांना माझा नमस्कार सांगा.

आणि ताई, नंतर तुम्ही टिश्यूचा गठ्ठा घेऊन आलात आणि माझ्या शर्टाकडे बघत सॉरी म्हणालात. मला उत्तर सुचेना, म्हणून मी आणखी एक कॉफी मागितली. तुम्ही कप अर्धाच भरलात.

आपला,
१८ सीवरचा प्रवासी