डेकोराचं टिपण लिहून देणाऱ्या काकांना

सप्रेम नमस्कार काका,

मिनेसोटातल्या रोचेस्टरहून हायवे ५२ धरला की साधारण दीड तासात आयोवातलं डेकोरा येतं, हे नकाशा सांगतो. साडेसात हजार वस्तीच्या त्या गावात कुठे कधी जायचं, हे मात्र तुमच्या टिपणामुळे कळलं. ते आता आमच्याकडे घरोघर फिरतंय, म्हणून आभारही जाहीरच.

सगळ्यात मोलाची गोष्ट बर्फाच्या गुहेची. भर उन्हाळ्यात जावं असंच कुणालाही वाटेल. तुम्ही मे-जून सांगितलेत आणि कारणही दिलंत. हिवाळ्यात गुहेतला खडक गारठतो, वसंतात झिरपलेलं पाणी त्यावर गोठतं. म्हणजे बाहेर ऊन तापायला लागतं तेव्हा आत बर्फ वाढत असतो. उन्हाळा सरता सरता तो विरघळतो आणि लोक नुसत्या ओल्या भिंती बघून परततात. विजेरी डोक्याला बांधायची, कारण दोन्ही हात मोकळे लागतात. सँडल नकोत, जमिनीवरचा बर्फ अंधारात दिसत नाही. डनिंग्ज स्प्रिंगचा धबधबा जवळच आहे, तिथल्या दगडी पायऱ्याही निसरड्याच.

जुन्या वाणांचं बियाणं जपणाऱ्या सीड सेव्हर्स एक्स्चेंजचं ८९० एकरांचं शेत सकाळीच गाठायचं, हेही पटलं. १९७५ साली ही संस्था ज्या बियाण्यांवर उभी राहिली, त्यांतल्या जांभळ्या 'ग्रँडपा ऑट्स' मॉर्निंग ग्लोरी वेलीची फुलं ऐन उन्हात मिटतात.

ट्राउट रन ट्रेल अकरा मैलांचा, पक्का, पण सगळा सपाट नाही. आई-वडील सोबत असतील तर टेकडीवरचा नागमोडी चढ सोडून मत्स्यबीज केंद्राच्या बाजूने थोडं चालून परत फिरावं. माशांना खाऊ घालायला क्वार्टरची (२५ सेंटची) नाणी खिशात हवीत.

एका बाबतीत मात्र मतभेद! वेस्टरहाइम या नॉर्वेजियन-अमेरिकन संग्रहालयाला तुम्ही एक तास दिलात. १९३३ साली नॉर्वेहून अटलांटिक ओलांडून आलेली २५ फुटी शिडाची होडी आणि बाहेरची जुनी लाकडी घरं नीट बघायची तर तीन तास धरावेत.

स्पिलव्हिल गावाचा फाटा टिपणात नसता तर बहुतेकांनी टाळलाच असता. १८९३ च्या उन्हाळ्यात चेक संगीतकार द्वोर्झाक जिथे राहिला, त्याच इमारतीत आज बिली बंधूंची कोरीव लाकडी घड्याळं आहेत. शेतकरी माणसं, हिवाळ्यात फावल्या वेळी कोरत बसायची. हेन्री फोर्डने एका घड्याळाचे दहा लाख डॉलर देऊ केले, तरी विकलं नाही म्हणतात. संग्रहालयाच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, त्यामुळे आधी फोन करायचा. दऱ्यांमध्ये रेंज जाते, नकाशा आधीच उतरवून घ्यायचा. खडीच्या रस्त्यावर ब्रेक हलकेच. संध्याकाळी हरणं आडवी येतात.

डेकोरात जुलैअखेर भरणाऱ्या नॉर्डिक फेस्ट या नॉर्वेजियन उत्सवाला खोल्या फार आधी भरतात. पण तिथे बटाट्याची लेफ्से मिळते, आपल्या पोळीसारखी लाटून तव्यावर भाजलेली. लोणी-साखर लावून खाल्ली की शाकाहारी मंडळींची सोय होते.

आता हिवाळ्याचंही एक टिपण लिहाल का?

आपली,
रोचेस्टरची मंडळी