‘बुधवारी बंद’ हे दोन शब्द छापायला किती जागा लागते?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला पुण्याहून रेल्वेने एका दिवसात मुंबई पाहून येण्याचा लेख वाचला. रात्रीच लिहायला बसले होते, पण आमचे हे म्हणाले, उद्या लिही, म्हणजे जरा सभ्य लिहिशील. प्रयत्न करते.

आधी लेखकाचे अभिनंदन. राणीची बाग, गेटवे, घारापुरी, म्युझियम, मरीन ड्राइव्ह आणि जुहू चौपाटी एवढे सगळे ‘आरामात’ उरकून डेक्कन क्वीनने रात्री घरी परतायचे, हे आजवर कुणाला जमल्याचे ऐकिवात नाही. क्वीन पुण्याहून सव्वासातला निघते, साडेदहाच्या सुमारास सीएसएमटीला टेकते आणि संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी तिथून सुटते. हातात राहिले साडेसहा तास. त्यात घारापुरीला लाँचने जायला तास, यायला तास, आणि वर लेण्यांपर्यंतच्या पायऱ्या, त्याही मे महिन्यातल्या भर दुपारी. लेखकमहाशय जुहूच्या वाळूत भेळ खात असतील तेव्हा त्यांची गाडी खंडाळ्याचा घाट चढत असेल.

त्यातून घोळ असा की एका परिच्छेदात जायला डेक्कन क्वीन आहे आणि पुढच्यात तीच गाडी डेक्कन एक्स्प्रेस झाली आहे. या दोन वेगळ्या गाड्या आहेत हो! मुंबईकडे जाणारी डेक्कन एक्स्प्रेस पुण्याहून दुपारी सुटते. तिने गेलात तर मुंबईत दिवे लागलेलेच दिसतील. क्वीन म्हणजे 1 जून 1930 पासून धावणारी गाडी, दरवर्षी पुणे स्टेशनात तिचा वाढदिवस केक कापून होतो आणि आपण त्याचे फोटो छापता. निदान आपल्या अंकाला तरी तिची ओळख असावी. शिवाय घाटाचा जो फोटो छापलात, त्यात धबधबे कोसळताहेत. मे महिन्यात!

पण मी पत्र लिहायला बसले ते यासाठी नाही.

गेल्या वर्षी याच दिवसांत आपल्याच पुरवणीत असाच लेख होता. ‘शनिवार-रविवारची गर्दी टाळा, आठवड्यातला मधला वार निवडा,’ असा त्यात चौकटीत सल्ला होता. आम्ही निवडला. अगदी मधला. मी, हे, सून आणि दोन नातवंडे असे सिंहगड एक्स्प्रेसने निघालो, कारण आम्ही चिंचवडला राहतो आणि क्वीन आमच्याकडे थांबत नाही. (पुणे म्हणजे स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर राहणारी माणसे, असा आपल्या लेखकांचा समज दिसतो. पिंपरी-चिंचवडकरांनी सिंहगडने जावे तर परतीची सिंहगड दुपारी अडीचच्या सुमारास सुटते. म्हणजे येताना क्वीन पकडा, शिवाजीनगरला उतरा आणि पेंगुळलेली पोरे कडेवर घेऊन लोकलची वाट पाहा. यावर ओळभर तरी?)

नातवाने पेंग्विनांची सगळी माहिती कर्जतपासून अख्ख्या डब्याला ऐकवली होती. दादरला उतरलो, लोकलने भायखळा, तिथून उन्हात चालत राणीची बाग. फाटक बंद. रखवालदार म्हणाला, “आजी, आज बुधवार.” पुढे काही नाही. मुंबईकराला तेवढ्यावर कळतही असेल. म्हटले, शेजारी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे ना, तिथे बसू घटकाभर सावलीत. तेही बुधवारी बंद! दोन्ही ठिकाणांची आपण तोंड भरून शिफारस केली होती. बाहेर आणखी दोन-तीन कुटुंबे घाम पुसत उभी होती आणि त्यातल्या एका गृहस्थांच्या हातात आपल्याच लेखाचे कात्रण होते. आम्ही एकमेकांकडे पाहिले. बोललो काहीच नाही.

शेवटी टॅक्सी करून काळा घोड्याजवळचे मोठे म्युझियम गाठले. तिथले पेंढा भरलेले प्राणी दाखवून नातवाची समजूत घालू लागले, तर तो म्हणाला, “हे हलत नाहीत.” यावर काय बोलणार? घरी येईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. सूनबाई बोलल्या, पण ते इथे लिहीत नाही.

तेव्हाही आपल्याला पत्र पाठवले होते. छापले नाहीत, हरकत नाही, जागेची अडचण असते. पण वाचले तरी असावे ना? यंदाच्या लेखात राणीच्या बागेचा बुधवार पुन्हा गायब, आणि वर घारापुरीला ‘सोमवारी गर्दी कमी’ असे लिहिले आहे. कमी असणारच. लेणी सोमवारी बंद असतात.

आणि एक. ‘ज्येष्ठांना तिकिटात सवलत असल्याने आजी-आजोबांनाही न्या,’ हे वाक्य कुठून आणले? ती सवलत मार्च 2020 मध्ये थांबली, ती अजून सुरू झालेली नाही. बायकांना अठ्ठावन्नपासून निम्मे तिकीट पडायचे. माझे अठ्ठावन्न नेमके त्यानंतर भरले. आता आम्ही आजी-आजोबा पूर्ण पैसे मोजतो, आणि नातवंड पाचाच्या वर असून त्याला वेगळी जागा हवी असेल तर त्याचेही पूर्णच. ही सवलत परत मिळावी म्हणून आपण एखादा अग्रलेख लिहिला असता तर मी तो कापून देवघरात लावला असता. आपण ती आहे असेच छापून मोकळे झालात.

ऐन सुट्टीत ‘आदल्या दिवशी तिकीट काढा’ या सल्ल्याबद्दल काही म्हणत नाही. आरक्षण साठ दिवस आधी उघडते आणि मे महिन्यातल्या जागा कधीच भरलेल्या असतात. वेटिंगवरचे ऑनलाइन तिकीट चार्ट लागेपर्यंत पक्के झाले नाही तर आपोआप रद्द होते, एवढे लेखकाला कुणीतरी सांगा.

माझी मागणी फार नाही. असे लेख छापताना प्रत्येक ठिकाणापुढे सुट्टीचा वार लिहा आणि गाड्यांच्या वेळा त्या आठवड्यात कुणालातरी तपासायला लावा. जागा नसेल तर भेळेच्या प्लेटचा तो पाव पानी फोटो थोडा लहान करता येईल.

आपली,
एक जुनी वाचक, चिंचवड

ता. क. : कालचे शब्दकोडे मागच्या रविवारचेच होते. उत्तरेही तीच आली. हे पत्र छापणार असाल तर सुनेचा उल्लेख तेवढा गाळावा.