शिशावर कोरलेलं नाव

ऑक्सफर्ड,
२४ मे

प्रिय अवी,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे होऊन गेले. उत्तर लगेच लिहायला बसलो होतो, पण नववीतल्या त्या मुलीचा प्रश्न आडवा आला. "सर, इंग्लंडमध्ये पहिल्यापासून लोकशाही होती, तर मग ते आपल्यावर राज्य कसे करत होते?" तू तिला पुस्तकातलं उत्तर दिलंस आणि मग रात्रभर तुलाच चैन पडलं नाही, असं लिहिलंयस. ते वाचल्यापासून मलाही चैन नाही. कारण तिच्या प्रश्नातलं 'पहिल्यापासून' हे तर मीही शाळेत शिकलो होतो, आणि ते खरं नाही हे कळायला मला इथं येऊन आठ वर्षं राहावं लागलं.

गेल्या शनिवारी सुट्टी होती म्हणून बसनं बर्फर्डला गेलो. ऑक्सफर्डच्या पश्चिमेला कॉट्सवोल्डच्या टेकड्यांतलं लहानसं गाव. मधाच्या रंगाच्या दगडाची घरं, एकच मोठा उताराचा रस्ता, उतार संपतो तिथं विंडरश नावाची नदी आणि नदीजवळ जुनं चर्च. बाहेर ऊन होतं, आत एकदम गारवा. मी गेलो होतो ते तिथलं बाप्तिस्म्याचं कुंड बघायला. दगडी कुंड आहे, आतून शिशाचा पत्रा लावलेला. त्या शिशावर कोणीतरी टोकदार वस्तूनं अक्षरं कोरलीत: अँथनी सेडली, १६४९, आणि पुढं 'कैदी' या अर्थाचा इंग्रजी शब्द. अक्षरं मोठी आहेत, पण सुबक नाहीत. हात स्थिर नसावा किंवा हत्यार धड नसावं. मी बराच वेळ तिथं ओणवा होऊन बघत राहिलो. पावणेचारशे वर्षांपूर्वी या माणसाला उद्या आपण जिवंत असू की नाही हे माहीत नव्हतं, आणि त्यानं आपलं नाव लिहिलं.

हा सेडली क्रॉमवेलच्या, म्हणजे पार्लमेंटच्या बाजूनं राजाशी लढलेल्या, सैन्यातला शिपाई. १६४९च्या ३० जानेवारीला याच सैन्याच्या जोरावर राजा पहिल्या चार्ल्सचं मुंडकं उडवलं गेलं. आता आपलं ऐकलं जाईल असं शिपायांना वाटत होतं. थकलेला पगार मिळेना, वर आयर्लंडवर चालून जायचा हुकूम. काही पलटणींनी बंड केलं. मे महिन्यात क्रॉमवेलनं बर्फर्डवर रात्रीचा छापा घातला आणि साधारण ३४० शिपायांना याच चर्चमध्ये कोंडलं. १७ मेला तिघांना, थॉम्प्सन, पर्किन्स आणि चर्च (हे आडनाव) यांना, बाहेर आवारातल्या भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या. बाकीच्यांनी ते बघावं म्हणून त्यांना चर्चच्या छतावर चढवलं होतं. भिंतीवर आता त्या तिघांच्या नावांची पाटी आहे. सेडली त्या तिघांत नव्हता.

त्यांना 'लेव्हलर' म्हणत, म्हणजे सगळ्यांना एका पातळीवर आणू पाहणारे. त्यांची मागणी काय होती, ते तुझ्या वर्गासाठी नीट सांगतो. दीड वर्ष आधी, २८ ऑक्टोबर १६४७ला, लंडनजवळ पटनीच्या चर्चमध्ये सैन्याचे अधिकारी आणि शिपायांचे प्रतिनिधी समोरासमोर बसले आणि दिवसचे दिवस वाद घातला. विषय असा, की मत कोणाला असावं? कर्नल रेन्सबरो म्हणाला, इंग्लंडमधल्या सर्वांत गरीब माणसालाही सर्वांत मोठ्या माणसाइतकंच एक आयुष्य जगायचं असतं, म्हणून ज्या सरकारखाली राहायचं त्याला आधी त्याची संमती हवी. समोर क्रॉमवेलचा जावई आयर्टन होता. त्याचं म्हणणं, ज्याची या देशात जमीनजुमल्यानं मुळं रुजलेली नाहीत त्याला देशाच्या कारभारात बोलायचा हक्क नाही. अवी, हे सगळे श्रद्धाळू लोक. वाद सुरू करायच्या आधी तासन् तास प्रार्थना करणारे. दोन्ही बाजूंच्या तोंडी बायबलच.

आणि इथंच मला वाटतं तुझ्या धड्यातली मोठी चूक आहे. धर्मसुधारणा एका प्रकरणात, पार्लमेंटचा इतिहास दुसऱ्या, मतदानाचा हक्क तिसऱ्या, असं तोडून आपण शिकवतो. खरं तर तो एकच धागा आहे, आणि मला तो एका मेंढपाळाच्या हातात सापडला.

विल्यम टिंडल हा ग्लॉस्टरशरचा माणूस. नांगर हाकणाऱ्या पोराला धर्मग्रंथ पाद्र्याहून जास्त कळला पाहिजे, असा ध्यास घेऊन त्यानं बायबलमधला नवा करार इंग्रजीत आणला. तो १५२६मध्ये जर्मनीत वर्म्सला छापला गेला, कापडाच्या गाठोड्यांतून चोरून इंग्लंडात आला आणि लंडनच्या बिशपनं त्याच्या प्रती जाळल्या. १५३६मध्ये टिंडलला गळा आवळून मारलं आणि मग जाळलं. मरताना तो म्हणाला असं सांगतात, की देवा, इंग्लंडच्या राजाचे डोळे उघड. गंमत बघ, तोवर त्या राजानं, आठव्या हेन्रीनं, पोपशी संबंध तोडून स्वतःला चर्चचा प्रमुख करून घेतलं होतं. मठ मोडायला सुरुवात झाली होती, चारेक वर्षांत सुमारे ८०० मठ बंद पडले. टिंडल गेल्यावर दोनच वर्षांत हुकूम निघाला, प्रत्येक चर्चमध्ये इंग्रजी बायबल ठेवा.

लोक वाचायला लागले. दारूच्या गुत्त्यात, बाजारात, चर्चच्या ओट्यावर वाचून वाद घालायला लागले. राजा घाबरला. १५४३ला कायदा केला: कारागीर, त्यांच्या हाताखालचे शिकाऊ, नोकरचाकर, कुळं, मजूर आणि खालच्या थरातल्या बायकांनी बायबल वाचायचं नाही. अवी, हा कायदा वाचला तेव्हा मला आपल्याकडचं काय काय आठवलं ते तुला सांगायला नको.

आता मेंढपाळ. बर्फर्डहून उत्तरेला, त्याच टेकड्यांत, सेंटबरी नावाचं खेडं आहे. तिथं रॉबर्ट विल्यम्स नावाचा माणूस दुसऱ्याच्या मेंढ्या राखायचा. त्यानं १५४६मध्ये एक पुस्तक विकत घेतलं. बायबल नव्हे, जगातल्या निरनिराळ्या गोष्टी कोणी सुरू केल्या याची माहिती देणारं. पुस्तक ऑक्सफर्डहून, म्हणजे मी राहतो त्या गावाहून, कोणीतरी आणून दिलेलं. किंमत १४ पेन्स. त्या पुस्तकात त्यानं स्वतःच्या हातानं, वेड्यावाकड्या स्पेलिंगांत लिहून ठेवलंय, की मेंढपाळांनी वाचू नये म्हणून नव्या करारावर बंदी आली तेव्हा मी हे पुस्तक घेतलं. देवानं हे आंधळेपण दूर करावं. सेंटबरीच्या टेकडीवर मेंढ्या राखताना लिहिलं. खाली सही.

वाचायला बंदी आहे, म्हणून हा माणूस मेंढ्यांमागं बसून दुसरं काहीतरी वाचतोय, आणि बंदीबद्दल स्वतःचं मत स्वतःच्या नावानिशी लिहितोय. मला वाटतं, लोकशाही म्हणतात ती इथं सुरू होते, पार्लमेंटमध्ये नाही. मेंढपाळाला देवाचं म्हणणं स्वतः वाचायचा हक्क आहे असं एकदा मानलं, की मधला पाद्री कशाला, हा प्रश्न येतोच. मग पाद्र्यावर बिशप कशाला. मग बिशप नेमणारा राजा कशाला. विल्यम्सच्या त्या ओळींपासून सेडलीच्या कोरलेल्या अक्षरांपर्यंत १०३ वर्षं जातात.

सेडलीच्या वेळी बायकाही गप्प नव्हत्या. त्याच वसंतात लंडनच्या बायका अर्ज घेऊन पार्लमेंटच्या दारात गेल्या. त्यांना उत्तर मिळालं, हे तुमच्या समजण्यापलीकडचं आहे, घरी जाऊन आपापला संसार बघा. त्या ५ मेला पुन्हा नवा अर्ज घेऊन हजर! त्यात लिहिलं होतं, आम्हीही देवाच्याच प्रतिमेतून घडलो आहोत. बघ, युक्तिवाद धर्माचा आणि मागणी राजकारणाची.

आणि मग सगळं विझलं. पटनीत काय बोललं गेलं ते विल्यम क्लार्क नावाच्या चिटणिसानं लघुलिपीत टिपलं होतं. त्याचे कागद इथल्याच वूस्टर कॉलेजात पडून राहिले आणि १८९१ला छापून बाहेर आले. जवळपास अडीचशे वर्षं रेन्सबरोचं ते वाक्य कोणीच वाचलं नाही. माझ्या खोलीपासून चालत वीस मिनिटांवर हे कॉलेज आहे. त्याच्या भिंतीजवळून जाताना दरवेळी मला गलबलून येतं.

म्हणजे पुढच्या लोकांना तीच मागणी पुन्हा पहिल्यापासून शोधावी लागली. तोवर कारभार कसा होता? ओल्ड सेरम म्हणजे एक ओसाड टेकडी, तिचे दोन खासदार. आणि गिरण्यांनी फुगलेल्या मँचेस्टरला एकही नाही. १८१९च्या १६ ऑगस्टला मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानात सुमारे ६०,००० माणसं मतासाठी जमली, लेकराबाळांसकट. त्यांच्यावर घोडदळ घातलं. १८३२ची सुधारणा झाली तरी प्रौढ पुरुषांत जेमतेम पाचांतल्या एकाला मत.

म्हणून कामगारांनी सनद काढली. त्यांना चार्टिस्ट म्हणत. १८४२च्या मे महिन्यात त्यांनी पार्लमेंटला अर्ज दिला, त्यावर ३३ लाखांहून जास्त सह्या. सह्यांचे कागद एकमेकांना चिकटवून केलेली गुंडाळी काही मैल लांब होती. माणसांनी खांद्यावरून ती मिरवत नेली, पण पार्लमेंटच्या दारातून आत जाईना. शेवटी सोडून, तुकड्यातुकड्यांनी आत नेली आणि सभागृहाच्या जमिनीवर कागदांचा ढीग पडला. विणकर, खाणकामगार, शिंपी, बायका, सगळ्यांची नावं त्या ढिगात. अर्जदारांचं म्हणणं ऐकून तरी घ्यायचं का, यावर मतदान झालं. विरोधात २८७, बाजूनं ४९.

त्या चर्चेत एक भाषण मेकॉलेचं होतं. हो, आपलाच मेकॉले, १८३५च्या शिक्षणाच्या टिपणाचा. तो म्हणाला, सर्वांना मताधिकार देणं आणि संस्कृती टिकणं या दोन गोष्टी एकत्र नांदूच शकत नाहीत. तुझ्या त्या मुलीला हे जरूर सांग. आपल्याला काय शिकवायचं हे ठरवणारा माणूस स्वतःच्या देशातल्या विणकराला मत द्यायला तयार नव्हता. याच मेकॉलेनं पार्लमेंटमधलं आपलं पहिलं भाषण मात्र ज्यूंना तिथं बसू द्यावं म्हणून केलं होतं, हेही सांग. माणसाला एका रंगात रंगवू नये.

ज्यूंचं असं, की खासदाराला ख्रिस्ती धर्माची शपथ घ्यावी लागे. कॅथलिकांना १८२९ला वाट मोकळी झाली. लायोनेल रॉथचाइल्ड १८४७ला निवडून आला, पण बसायला मिळालं १८५८ला. देवच न मानणारा ब्रॅडलॉ १८८०ला निवडून आला, त्याला सहा वर्षं झगडावं लागलं. हाच ब्रॅडलॉ पुढं १८८९च्या मुंबई काँग्रेसला आला होता. आणि १८९२ला एल्फिन्स्टन कॉलेजातले आपले दादाभाई लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या ५ मतांनी निवडून आले आणि अवेस्तावर हात ठेवून त्यांनी शपथ घेतली. ती वाट कॅथलिक, ज्यू आणि नास्तिक माणसांनी एकेक दगड काढून केलेली होती. त्या वर्षीही या देशात सुमारे ४० टक्के पुरुषांना मत नव्हतं आणि पार्लमेंटच्या निवडणुकीत बाई तर एकही नव्हती.

बायकांचा पहिला मोठा अर्ज १८६६चा, सुमारे १५०० सह्यांचा. तो घेऊन दोघी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये गेल्या. भेंडोळं हातात घेऊन उभं राहायला अवघड वाटलं, म्हणून तिथं सफरचंदं विकणाऱ्या बाईच्या टोपल्यांखाली त्यांनी ते लपवलं. तिनं काय आहे ते विचारलं, समजल्यावर म्हणे आपलीही सही घाला म्हणाली. पुरुषांच्या बरोबरीनं मत मिळालं ते १९२८ला. पटनीपासून मोज, २८१ वर्षं.

म्हणजे त्या मुलीला सांग, आपल्यावर राज्य करणारं सरकार त्यांच्याच बहुतेक लोकांनी निवडलेलं नव्हतं. यानं त्यांनी आपल्याकडं केलेलं काहीच माफ होत नाही, १९२८नंतरही ते आणखी एकोणीस वर्षं राहिलेच. पण १६४९च्या त्या वसंतात सैन्यात फिरलेल्या पत्रकांत एक सवाल होता: आयर्लंडच्या लोकांनी आपलं काय बिघडवलंय, म्हणून आपण त्यांना मारायला जायचं? घरात मत मागणाऱ्यांमधूनच हा सवाल निघाला होता. त्यांना चर्चमध्ये कोंडलं आणि सैन्य आयर्लंडला गेलंच. तिचा प्रश्न तिच्याआधी इथल्या शिपायांनी विचारलेला आहे.

काकूंचा मोतीबिंदू काढला का, ते कळव. दिवाळीत मी येतोय, तेव्हा दोन दिवस तुझ्याकडं राहीन आणि तुझ्या वर्गातही येईन.

कुंडाचा फोटो सोबत पाठवतोय. अक्षरं दिसावीत म्हणून मोठा छापून घेतलाय. कैदी या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये सेडलीचा एक 'ओ' राहून गेलाय. आधी सांगू नकोस, मुलांना सापडू दे.

तुझा,
बंडू